चाळीस पावलांवरून

सुमनकाकूंना साडी निवडताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं, या बाई कपडे वाळत घालायची जागा चुकल्या. दोह्यातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगला लोखंडी कठडा होता. बाहेर पडायच्या आधी काकू हातात साडी घेऊन खाली यायच्या, ती कठड्यावर पसरायच्या आणि तिच्याकडे पाठ करून चालू लागायच्या. मोजून चाळीस पावलं गेल्यावर वळायचं, डोळ्यांवर आडवा हात धरायचा आणि साडीकडे बघायचं. मनास आली तर तीच नेसून बाहेर. नाही आली तर घडी करून वर, आणि पाच-सात मिनिटांनी दुसरी साडी घेऊन पुन्हा खाली. पावलं चाळीसच असतात, हे मी तीन वेगवेगळ्या शुक्रवारी गॅलरीतून मोजून पाहिलं होतं.

दुकानातही तीच तऱ्हा. एकदा मी आणि माझी बायको मेधा त्यांना सूकजवळच्या, म्हणजे इथल्या जुन्या बाजाराजवळच्या, एका कापडाच्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या रत्नागिरीकडच्या सेल्समनला त्यांनी साडी हातात धरून रस्त्यावर उभं केलं आणि स्वतः थेट समोरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेल्या.

त्या परत आल्यावर तो म्हणाला, "काकू, बाकीची गिऱ्हाइकं साडी बोटांनी बघतात. तुम्ही दुर्बीण घेऊनच या पुढच्या वेळी."

"बाबा, दुकानात बसून साडी बघणं म्हणजे खोलीत पतंग उडवणं," काकू म्हणाल्या. "रंग उजेडाला विचारून घ्यायचा असतो. दुसरी धर."

काकू म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या नितीनची आई. वय अडुसष्ट. तरुणपणी नवरा गेला आणि त्यानंतर तीस वर्षं त्यांनी इचलकरंजीत साड्यांच्या दुकानात गादीवर बसून साड्या विकल्या. तिकडच्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. त्यांच्या अंगावर झेंडूचा पिवळा, राणी, गुलबक्षी, पोपटी याखेरीज रंग मी पाहिला नाही. मागून लोक बोलत. या वयात, त्यात नवरा नाही, आणि हे रंग. काकूंना ते ऐकू जात नसे, की ऐकून त्या सोडून देत, ते मला सांगता येणार नाही.

तेव्हा फुटबॉलच्या विश्वचषकाला अजून चार वर्षं होती आणि दोहा चहूबाजूंनी उकरलेलं होतं. आमच्या गेटसमोरचं डायव्हर्जन पाच महिन्यांत नऊ वेळा बदललेलं मी पाहिलं. शाळेची बस गेटपर्यंत येऊ शकत नव्हती. ती पलीकडे मशिदीच्या कोपऱ्यावर थांबायची. गेट ते कोपरा तीनशे दहा पावलं. मध्ये एक रस्ता ओलांडावा लागे. त्याला सिग्नल नव्हता आणि त्यावरून दिवसभर वाळूचे डंपर जात. नितीन आणि त्याची बायको केतकी, दोघंही नोकरीला. त्यांच्या सात वर्षांच्या ईराला बसवरून घरी आणायचं, एवढ्यासाठी काकूंना इथे बोलावलं होतं. "पोरगीला आणायचं काम नसतं, तर मला इथं कोण विचारतंय," असं त्या हसत म्हणायच्या.

इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. आपल्याकडचं माणूस सवयीने आधी उजवीकडे बघतं, आणि गाडी येते डावीकडून. काकूंनी त्यावर तोडगा काढला होता. "घड्याळाच्या हाताकडनं मरण येतंय, एवढं ध्यानात ठेवायचं," त्या ईराला सांगायच्या. ईरानेही डाव्या हाताला प्लास्टिकचं घड्याळ बांधलं होतं.

मार्चमध्ये आमच्या मराठी बायकांचा एक कार्यक्रम झाला. एका वहिनींनी 'साठीनंतरचा पेहराव' यावर बोलायचं ठरवलं होतं. फिके रंग, बारीक काठ, नाजूक दागिने. "या वयात माणसानं नजरेत भरू नये, नजरेला निववावं," त्या म्हणाल्या. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या, गुलबक्षी साडी आणि वीतभर पिवळा काठ. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

काकू उठून म्हणाल्या, "छान बोललीस गं बाई. मीपण तीस वर्षं हेच सांगून फिक्या साड्या खपवल्या. एरवी कुणी उचलत नव्हतं की त्या."

हशा झाला. केतकी तेवढी हसली नाही. मेधाने घरी येऊन सांगितलं, की गाडीत बसल्यावर ती रडली.

दोन दिवसांनी नितीन माझ्याकडे आला. केतकीने आईसाठी चार पंजाबी ड्रेस आणले होते. बिस्किटी, राखी, मोतिया आणि एक असाच कुठलातरी. "दादा, मी बोललो तर तिला लागेल. तुमचं ती ऐकते."

"तुम्ही कशाला पडताय यात?" मेधा म्हणाली. मी पडलो.

"काकू, नितीनला जमत नाही म्हणून मी बोलतोय," मी म्हटलं. "तुमचं वय आता अडुसष्ट. चार लोक बघतात. सोबर रंग बरे दिसतील."

"कुणाला?"

मी ड्रेस पुढे केले. त्यांनी बिस्किटी कापड चिमटीत धरलं. "ह्या रंगाला इथं काय म्हणतात?"

"बेज."

"आम्ही मळका म्हणायचो. सगळ्यात खालच्या फळीवर असायचा."

तो ड्रेस घेऊन त्या खाली गेल्या. कठड्यावर टाकला, चाळीस पावलं गेल्या, वळल्या. कठड्याच्या मागची भिंत वाळूच्याच रंगाची होती. त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथे उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"विनायक, हे नको. माझं ऐक, हे नको."

"का पण?"

त्यांनी ड्रेसची घडी घातली. "असू दे. सगळी म्हणताय तर घालतो. पण पोरगीला आणायचं काम माझंच. ते काढून घेऊ नका."

कपड्यांच्या बोलण्यात ईराचं काम कुठून आलं, हे मला तेव्हा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. काम झालं म्हणून नितीनला फोन केला.

त्यानंतर काकू साड्या घेऊन खाली येईनाशा झाल्या. त्यांची थट्टाही कमी झाली. ईरा एकदा मेधाला म्हणाली, "काकू, आजी माझा हँड टू मच स्क्वीज करते. इट हर्ट्स." एका रजेच्या दिवशी मी गॅलरीतून पाहिलं, बिस्किटी ड्रेसमधल्या काकू त्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. एक पाय खाली टाकायच्या आणि मागे घ्यायच्या. असं चार वेळा झालं. डंपर गेला की भिंतीला टेकायच्या. रस्ता ओलांडायला त्यांना त्या दिवशी अकरा मिनिटं लागली. मला वाटलं, गुडघे. "आईला एकदा हाडांच्या डॉक्टरला दाखव," असं मी नितीनला सांगितलं.

मी सेफ्टी ऑफिसर आहे. रोज सकाळी साइटवर दोनशे माणसांना उभं करून मी सांगतो, की नारिंगी जॅकेट घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, कारण धुळीत माणूस दिसत नाही. आणि माझ्या डोळ्यांसमोर चाललेल्या गोष्टीला मी गुडघे म्हणालो.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी शमाल सुटला. हा वाळवंटाकडून येणारा वारा. तासाभरात आकाश, इमारती, रस्ता, सगळं एका रंगाचं झालं. आम्ही क्रेन थांबवल्या आणि दुपारीच सुट्टी दिली. मी घरी निघालो. आमच्या डायव्हर्जनपाशी आलो तेव्हा पुढचे बॅरियरसुद्धा अर्धेच दिसत होते. दिसत नसेल तर थांबायचं, हा नियम मी दुसऱ्यांना शिकवतो. त्या दिवशी मी थांबलो नाही, कारण घर तीनशे पावलांवर होतं. वेग वीसच्या आत होता. काटा मी पाहिला होता.

समोर एकदम काहीतरी लाल दिसलं, जमिनीपासून हातभर उंचीवर. मी ब्रेक दाबला. ते ईराचं दप्तर होतं. आणि मग त्या दप्तराच्या अलीकडे, माझ्या बॉनेटवर, एक पंजा दिसला. पंजाच्या मागे बांगड्या, बांगड्यांच्या मागे काकूंचा चेहरा. एका हाताने त्यांनी ईराला मागे लोटून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने माझी गाडी अडवली होती. अंगावर बिस्किटी ड्रेस होता. कुठे ड्रेस संपतो आणि कुठे धूळ सुरू होते, ते मला तेव्हाही कळत नव्हतं.

मी खाली उतरलो. बंपर आणि त्यांचे गुडघे यांच्यात माझ्या बुटाएवढं अंतर होतं. मी एकच वाक्य बोललो. "काकू, तुम्ही मला दिसलाच नाहीत."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी खाली बघितलं. ईराला घेऊन त्या मागच्या सीटवर बसल्या आणि घर येईपर्यंत तिचं डोकं त्यांनी पोटाशी दाबून धरलं होतं.

घरी मेधाने पाणी दिलं. ईरा आतल्या खोलीत गेल्यावर काकू बोलायला लागल्या. आवाज अगदी साधा होता.

"आमचे हे असेच गेले. सूतगिरणीतनं सायकलवर येत होते. अंगात खाकी कोट. दिवस बुडायला आलेला, रस्त्याला धुरळा. ट्रकवाला पोलिसांपुढं म्हणाला, साहेब, माणूस दिसलाच नाही. सगळे म्हणाले, खोटं बोलतोय. मी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्यांचा कोट घेऊन गेलो. तिथल्या बाभळीला टांगला आणि मागं मागं चालत गेलो. चाळीस पावलांवर कोट दिसंना झाला. तो खोटं बोलत नव्हता, विनायक."

मेधाने त्यांचा पेला पुन्हा भरला.

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"भ्या वाटतंय म्हटलं असतं, तर तुम्ही मला घरात बसवलं असतं. मग मी इथं कशाला? रंगाची साडी नेसली की भ्या वाटत नव्हतं, म्हणून सांगायची वेळच येत नव्हती. ते कापड घातलं आणि रोज मला वाटायचं, आज मी तो कोट घालून निघालो."

संध्याकाळी नितीन आणि केतकी आले तेव्हा झालेलं सगळं मीच सांगितलं, वेग आणि अंतरासकट. केतकी खाली मान घालून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकली. दुपारी मी गॅलरीतून पाहिलं, कठड्यावर झेंडूची साडी पसरली होती. काकू कठड्याशी उभ्या होत्या आणि चाळीस पावलांवर केतकी.

"अगं, दिसती का?" काकूंनी विचारलं.

केतकीने नुसता हात वर केला. मग दोघी बरोबरच ईराला आणायला गेल्या.

मी साइटवरून एक नारिंगी जॅकेट आणून दिलं. काकूंनी तेही कठड्यावर टाकून पारखलं. "काठ नाही, पण रंग खरा आहे," म्हणाल्या आणि साडीवर चढवलं. "मुकादमीण झालो बघ." धुळीच्या दिवसांत त्या ते घालायच्या. डंपरवाले लांबूनच वेग कमी करत. मागून लोक बोलायचे ते बोलतच होते. आता केतकी मात्र त्यांना तोंडावर उत्तर द्यायची.

माझी भीती काही गेली नाही. स्टिअरिंगला हात लावला की बॉनेटवरचा तो पंजा आठवायचा. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "असू दे. भ्या वाटणारा ड्रायव्हर चांगला."

दीड वर्षाने नितीनचं प्रोजेक्ट संपलं आणि ते सगळे पुण्याला परत जायला निघाले. विमानतळावर मी सोडायला गेलो. काकूंनी राणी रंगाची साडी नेसली होती. आत जाताना त्या म्हणाल्या, "विनायक, बघत रहा. कुठवर दिसतो ते फोनवर सांग." चाळीस पावलं गेल्यावर त्या वळल्या. मी हात वर केला. तिथून पुढे मीच त्यांची पावलं मोजत राहिलो. एकशे सोळाव्या पावलाला खांब आडवा आला. तोपर्यंत एवढ्या गर्दीत त्या एकदाही माझ्या नजरेतून सुटल्या नव्हत्या. फोनवर मी त्यांना आकडा सांगितला. "खांब नसता तर आणखी भरलो असतो," त्या म्हणाल्या.

आता तो रस्ता रुंद झाला आहे, सिग्नल आहे, पट्टे आहेत. शमाल मात्र येतोच. अशा दिवशी समोर लाल-पिवळं काही दिसलं, की मला हायसं वाटतं. भीती वाटते ती समोर काहीच दिसत नाही तेव्हा. मी गाडी कडेला घेतो, दिवे लावतो आणि थांबून राहतो. घर तीनशे पावलांवर असलं तरी.