महाजन बाईंनी वर्षभराचं गणित शिकवून ठेवलंय

महाजन बाई काल सकाळी गेल्या.
त्यांच्या जागी आता कोणी येणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

खरं तेच लिहितोय. प्लीज, सांत्वनाच्या कमेंट्स करू नका.

सुरतच्या लिंबायतमधल्या आमच्या मराठी शाळेत बाई गणित शिकवायच्या. मी कम्प्युटरवाला. पोरांचे आईबाप बहुतेक खानदेशातून आलेले, कापडाच्या लूमवर कामाला. बाईही धुळ्याकडच्या, त्यामुळे पोर अडलं की सरळ अहिराणीत समजवायच्या.

मी स्मार्ट बोर्ड, ऑनलाइन क्विझ असलं काही काढलं की म्हणायच्या, "योगेश, तुझा टीव्ही बंद कर, मला शिकवू दे."

आणि मागच्या दिवाळीनंतर स्वतःच कम्प्युटर रूममध्ये आल्या. रेकॉर्डिंग शिकव म्हणाल्या.

शाळा सुटली की रोज थोडं थोडं. सातवीचं अख्खं पुस्तक. प्रत्येक व्हिडिओखाली क्विझ, उत्तर चुकलं की सोपं उदाहरण उघडणारी.

एवढी घाई कसली, हे मी विचारलंसुद्धा नाही. उलट कॉलर ताठ करून फिरत होतो, शेवटी बाई लाईनवर आल्या म्हणून.

सुरुवातीच्या व्हिडिओंत त्या उभ्या आहेत.
अपूर्णांकांनंतर खुर्चीत.
शेवटी शेवटी फक्त हात दिसतो, आणि आवाज.

मधला खोकला मी एडिट करून काढायचो. फार वेळ जातो म्हणून थोडा वैतागूनच.

एकदा म्हणाल्या, "मी नसले तर पोरं अडणार नाहीत ना?"
मी म्हटलं, "बाई, रिटायरमेंटला अजून सहा वर्षं आहेत."
त्या हसल्या नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत खरं सांगितलं. फुप्फुसाचं दुखणं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

त्यांचा जीव सातवीत अडकला होता. मराठीत गणित शिकवणारं माणूस सुरतेत चटकन मिळत नाही. तोवर वर्ग रिकामा राहिला तर मुलगे दुसऱ्या माध्यमात जातील आणि मुली घरी बसून साड्यांना स्टोन लावतील. हे त्यांनी आधी पाहिलेलं होतं.

"नवीन बाई येईपर्यंत हे चालव," म्हणाल्या. "तेवढ्यापुरतंच."

जूनमध्ये संस्थेची मीटिंग झाली. मी हौसेने सगळं दाखवलं. व्हिडिओ, क्विझचे मार्क, ग्राफ. टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं.
हे तेवढ्यापुरतंच आहे, हे सांगायचं राहून गेलं.

आठवड्याभरात नव्या शिक्षकाची जाहिरात थांबली. एवढं सगळं तयार आहे तर माणूस कशाला, असं ठरलं. कोणी रागावलं नाही, भांडलं नाही. सातवीच्या दोन्ही तुकड्या एका खोलीत आणल्या.

पुढच्या वर्षी विज्ञानाचंही असंच करायचं, असं मला सांगून ठेवलंय.

हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं, जाहिरात आली का.
मी म्हणालो, "आलीये बाई. इंटरव्ह्यू चालू आहेत."
त्यांनी डोळे मिटून मान हलवली. तेच आमचं शेवटचं बोलणं.

आज शाळेत शोकसभा झाली. दोन मिनिटं शांतता. मग घंटा, आणि सातवीचा गणिताचा तास.

मी व्हिडिओ लावला.

बाईंनी एक समीकरण सोडवलं. मग विचारलं, "समजलं का?"
आणि थांबल्या. पोरांना उत्तर देता यावं म्हणून रेकॉर्डिंगमध्ये त्या थोडी जागा सोडायच्या.

मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. रडत होती.
"बाई, माले नही समजनं."

बाई म्हणाल्या, "छान. चला पुढे."

मी व्हिडिओ बंद केला. मुलगी उभीच. दोन्ही तुकड्या माझ्याकडे बघत होत्या.
मला सातवीचं गणित शिकवता येत नाही.

बाई, तुमच्याशी खोटं बोललो. माफ करा.
शेवटचा नमस्कार.