खुळखुळणारा डबा

काल दुपारी शकूताईंनी परत आणलेला डबा मी हातात घेतला, तर आत काहीतरी खुळखुळलं.

मध्यंतरी लग्नाला निघालेला टेम्पो घाटात उलटला आणि आमच्या आळीतल्या तीन घरांतली माणसं गेली. शकूताईंचा मुलगा त्यात होता. त्या घरांत चूल पेटेना, म्हणून शेजारपाजारचे डबे जाऊ लागले. सांत्वनाचं बोलणं आमच्या आळीला कधी जमलं नाही. जमतो तो स्वयंपाक. नळावर एकमेकींच्या कळशा ढकलणाऱ्या बायका आता दारातूनच विचारायच्या, “आज भाकऱ्या तुझ्या की माझ्या?”

डबे घासूनपुसून, पण रिकामे परत यायचे. एरवी आमच्यात शेजारणीचं भांडं कुणी रिकामं धाडत नाही. या दिवसांत ते कुणी मनावर घेतलं नाही. तरी झाकण उघडताना प्रत्येकीचा हात जरा थबकायचा. घेणारं घर पुन्हा देणारं कधी होईल, याची आम्ही न बोलता वाट बघत होतो.

“शेंगदाणेच आहेत,” शकूताई म्हणाल्या. “पण रिकामा किती दिवस देऊ?”

त्या गेल्यावरही मी डबा उघडला नाही. नुसता हलवून ऐकत राहिले.