थांबवून ठेवलेला अर्ज

ती घटना विसरता आली असती तर मी कधीच विसरलो असतो. पण त्यातली चूक माझीच होती, म्हणून विसरता येत नाही. एका निरपराध माणसाला वाचवू शकेल असं चित्रीकरण माझ्या ताब्यात होतं आणि मी ते जाणूनबुजून नष्ट होऊ दिलं.

वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. त्या हंगामात विहिरीवरच्या मोटरी चोरीला जात होत्या. वरून रोज विचारणा व्हायची आणि निम्मे कर्मचारी पोहरादेवीच्या यात्रेच्या बंदोबस्ताला गेले होते. अशात एका खबऱ्याने गावाजवळच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याचं नाव दिलं. रात्री मोटर नेताना पाहिलं, असं तो म्हणाला. खबर देणाऱ्याचं त्या माणसाशी काय नातं आहे, हे आधी तपासायचं असतं. नव्या पोरांना मी हेच शिकवायचो. त्या वेळी मी तपासलं नाही.

आठवडी बाजार होता. तो मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, मांडून बसला होता. आमच्या हवालदाराने त्याला सगळ्यांदेखत दंडाला धरून उठवलं आणि ठाण्यात आणलं.

चौकशीत तो घाबरला नाही. उलट हवालदाराला म्हणाला, "मोटर चोरून मी काय करू, साहेब? माही इहीरच सामाईक हाये. पाळी आली तं पाणी, नाई तं बसा. दुसरी मोटर काय उशाले घेऊ?"

खोलीतले दोघे-तिघे हसले. हवालदाराला ते हसू सहन झालं नाही. त्याने कानाखाली वाजवली. माणूस टेबलावर आदळला आणि त्याच्या कानातून रक्त आलं. पडदा फाटला होता.

मी त्या वेळी बाहेर होतो. आल्यावर दार लावून कॅमेऱ्याचं चित्रीकरण पाहिलं. सगळं स्वच्छ दिसत होतं. तो हात जोडून उभा होता, मागे सरकत होता. हवालदाराला मी खूप झापलं. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "साहेब, एकच ठेवली. थो लय चुरूचुरू बोलून राह्यला होता."

झापण्यापलीकडे मी काही केलं नाही. कानाच्या जखमेचं कारण कागदावर दाखवणं भाग होतं. म्हणून भाजीवालाच हवालदाराच्या अंगावर धावून गेला आणि झटापटीत पडला, अशी फिर्याद माझ्याच ठाण्यात, माझ्या संमतीने दाखल झाली.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको चित्रीकरण मागायला अर्ज घेऊन आली. वाचकांना वाटत असेल की असं चित्रीकरण कुणीतरी मुद्दाम पुसतं. पुसण्याची गरजच नसते. यंत्रातली जागा भरली की जुन्यावर नवं आपोआप चढतं. तेवढे दिवस अर्ज थांबवायचा, एवढंच काम. आज साहेब बंदोबस्ताला, उद्या अर्जात त्रुटी, परवा वरून अभिप्राय मागवलाय. मी अर्ज नाकारला नाही. 'योग्य कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून तो टेबलावरून टेबलावर फिरू दिला. शेवटी न्यायालयाने विचारलं तेव्हा 'तांत्रिक बिघाडामुळे चित्रीकरण उपलब्ध नाही' असं लिहून सही केली.

ते उत्तर घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"बिघाड कवा झाला, साहेब? मी पयल्या दिवशी आली तवा कॅमेऱ्याचा लाल दिवा मी सोता पायला."

मी तिला बसायलाही सांगितलं नाही.

खरे चोर नंतर सापडले. जऊळक्याच्या बाजूला एका टोळीकडे मोटरी मिळाल्या, त्यात आमच्या हद्दीतल्याही होत्या. खबऱ्याला पुन्हा बोलावलं, तेव्हा खबर खोटी होती हे त्याने कबूल केलं. त्या सामाईक विहिरीत त्याचाही हिस्सा होता आणि पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं होतं. चोरीच्या प्रकरणातून भाजीवाला सुटला. पोलिसावर हात उचलल्याचा खटला मात्र चालूच राहिला. एका कानाने बहिरा झालेला तो माणूस तारखांना येत राहिला. बाजारात त्याच्याकडून भाजी घेताना लोक पिशवी जवळ ओढू लागले होते, असं मला एका शिपायाने सांगितलं.

मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यामागे हे एकच कारण होतं असं म्हणणं खोटं ठरेल. पण झोप गेली होती, हे खरं. खटल्यात साक्षीला बोलावलं तेव्हा मी सांगितलं, "चित्रीकरण होतं. मी पाहिलं होतं. आरोपीने हात उचलला नव्हता." तो निर्दोष सुटला. माझी आणि हवालदाराची चौकशी सुरू झाली, ती अजून चालू आहे. जुने सहकारी फोन घेत नाहीत. त्यांचा राग मला समजतो.

या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं की कॅमेरा कुणावर लक्ष ठेवत नाही. त्याने पाहिलेलं जपायचं की जाऊ द्यायचं, हे खुर्चीवरचा माणूस ठरवतो. त्या खुर्चीवर मी होतो.

निकालानंतर मी त्याच्या घरी गेलो. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून थांबवलं.

"घरी कायले आले, साहेब? मले उचललं तं भर बाजारातून."

म्हणून बाजाराच्या दिवशी गेलो. त्याच्या दुकानासमोर उभा राहिलो. म्हणालो, "या माणसाने चोरी केली नव्हती. पोलिसावर हातही उचलला नव्हता. आमच्या हवालदाराने याला मारलं, ते मी चित्रीकरणात पाहिलं, आणि ते चित्रीकरण मी जाऊ दिलं. वर खोटं लिहून सही केली. माझा गुन्हा आहे. मला माफ करा."

गिऱ्हाइकं थबकली. तो मेथीच्या जुड्यांकडे पाहत राहिला. त्याची बायको म्हणाली, "जरा जोरानं बोला. तिकडच्या लायनीत आयकू नाई गेलं."

मी तिकडे तोंड केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं बोललो.