नऊ पाट्या आणि गळ्याखालची डबी

“हॉजकिन्स डिसीज आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो कुसुमचा.

खोटं कशाला सांगू? शेजारी आई तोंडाला पदर लावून बसली होती. डॉक्टर बायॉप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याचा, कागद हातात धरून समजावत होते. आणि मी मनात म्हणत होते, गेलं, आता सूर कुसुमला मिळणार.

हॉजकिन्स हा लसिका ग्रंथींचा कॅन्सर. मानेत, काखेत, जांघेत आपल्या सगळ्यांनाच बारीक गाठी असतात, या आजारात त्या वाढतात. “यातले पुष्कळ जण बरे होतात,” डॉक्टर म्हणाले. “पण औषधं कडक आहेत आणि ती अर्धी सोडून चालत नाही.”

सूर म्हणजे काय ते सांगते. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. सकाळी धरमपेठेतल्या एका शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवायची आणि संध्याकाळी आमच्या मंडळाच्या मैदानावर गुरुजींच्या हाताखाली आट्यापाट्या खेळायची. मैदानात आडव्या नऊ पाट्या खणलेल्या असतात. प्रत्येक पाटीत विरुद्ध बाजूची एकेक मुलगी उभी असते. तिला हुलकावणी देऊन पुढं सरकायचं. तिचा हात लागला की बाद, आणि डाव संपला की बाजू बदलतात. या नऊ पाट्यांना मधोमध छेदणारी एक लांब पाटी असते. तिच्यावर अडवणाऱ्या बाजूचा जो धावतो तो सूर. तो मागूनही येऊन हात लावतो, म्हणून सगळे त्याला भितात. चार वर्षं आमच्या संघाचा सूर मी होते आणि कुसुम राखीव. मला ताप आला तरच तिला मैदान मिळायचं, आणि मी ताप असला तरी जायची.

ही माझी पहिली चूक. मानेवरची गाठ सहा महिने होती. अंग खाजायचं, ते मी मैदानातल्या मातीवर ढकललं. वजन उतरलं, ते सरावावर. रोज संध्याकाळी ताप यायचा, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तापाला कारण शोधावं लागत नाही. गाठ दुखत नव्हती म्हणून मी निर्धास्त होते. तुम्ही असं करू नका. न दुखणारी गाठच आधी दाखवा.

मग केमोथेरपी सुरू झाली. म्हणजे पेशी मारणारी औषधं, शिरेतून. दोन आठवडे औषध, दोन आठवडे विश्रांती, परत औषध. उलट्यांचं वर्णन करत नाही, ज्यांना झाल्या त्यांना ठाऊक आहे. केस गेले. पण मला सगळ्यात छळलं ते शिरांनी. औषधानं शिरा आतून भाजतात, कडक होतात, मग सापडत नाहीत. तिसऱ्या खेपेला सिस्टरनं सात ठिकाणी टोचलं. सातव्या वेळी तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दिवशी कुसुम भेटायला आली. पाचपावलीहून सायकल मारत, मोसंबी घेऊन. स्टुलावर बसून मोसंबी सोलू लागली आणि माझी नजर तिच्या हाताकडे गेली. मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या, जाड, ठसठशीत शिरा. सिस्टरनं डोळे मिटून टोचलं असतं तरी सुई आत गेली असती. तिच्या कमरेइतक्या वेणीचा मला हेवा वाटला असता तर समजण्यासारखं होतं. मला हेवा वाटला तिच्या शिरांचा.

“सराव कसा चालला?” मी विचारलं.

“चालून राहिला,” ती म्हणाली. “गुरुजींनी मले सूर देला.”

मी मोसंबी खाल्ली नाही. मळमळतंय म्हटलं. मळमळत नव्हतं.

शिरा संपल्या तेव्हा आमच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका डॉक्टरांना पत्र लिहिलं. ते परदेशात शिकून आले होते आणि पोर्ट बसवत होते. पोर्ट म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी धातूची डबी. तिच्या वरच्या बाजूला रबराचा पडदा असतो आणि तिच्यातून निघालेली बारीक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. ही डबी उजव्या कॉलरबोनखाली, म्हणजे गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली, कातडीच्या आत शिवून टाकतात. औषध द्यायचं तेव्हा कातडीतून पडद्यात सुई टोचायची. काम झालं की सुई काढायची. बाहेर काहीच राहत नाही, नुसता एक उंचवटा.

मुंबईला जाऊन डबी बसवून नागपुरात परत आले तेव्हा वॉर्डातल्या सिस्टर तो उंचवटा बघायला यायच्या. मला वाटलं, चला, कशात तरी आपण पहिल्या आलो.

औषधाची वाट बघत बाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसावं लागायचं. तिथं मी कोणाकोणावर जळले त्याची यादी केली तर आई मला घराबाहेर काढेल. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणाऱ्या वॉर्डबॉयवर. खिडकीतून दिसणाऱ्या सायकलरिक्षावाल्यावर, कारण त्याच्या पोटऱ्या भरलेल्या होत्या. माझ्याच आजाराच्या एका बाईवर, कारण तिची औषधं माझ्याआधी संपली. पण हे सगळं येऊन-जाऊन असायचं. कुसुम मात्र कायम मनात मुक्कामाला. दर रविवारी ती यायची, जिंकलेल्या सामन्याचं सांगायची, आणि मी भिंतीकडे तोंड करून ऐकायची. तिनं येणं बंद केलं नाही. याचाही मला राग यायचा.

औषधं संपली. एक्स-रे स्वच्छ आला, गाठी गेल्या. डॉक्टर म्हणाले, “पोर्ट वर्षभर ठेवू. गरज लागली तर असावा. दर महिन्याला येऊन हेपारिन घ्यायचं.” हेपारिन म्हणजे नळीत रक्त गोठू नये म्हणून द्यायचं औषध.

मी एकच प्रश्न विचारला. खेळू का?

डॉक्टरांनी चष्मा काढला. “बाई, तुम्ही वाचलात, हे तुमच्या लक्षात आलंय ना?”

“आलंय. खेळू का?”

त्यांनी मुंबईला पत्र टाकून विचारलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ते त्यांनी मला मराठीत सांगितलं. तुमच्यापैकी कोणाला असं काही बसवलं असेल तर ते जसंच्या तसं देते. सुई टोचलेली असेल त्या दिवशी खेळायचं नाही. रक्ताच्या पेशी कमी असतील तेव्हा खेळायचं नाही, कारण साधा मारही आत रक्त साकळवतो. डबीवर थेट मार बसू द्यायचा नाही, नळी हलू शकते. ती जागा लाल झाली, सुजली, ताप आला किंवा हात जड वाटला तर त्याच दिवशी दवाखाना. बाकी धावा. “आणि आपापल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणी माझं ऐकू नका, असंही लिहिलंय त्यांनी,” डॉक्टर म्हणाले.

डबीवर मार बसू नये म्हणून युक्ती आईनं काढली. नव्या कोऱ्या हवाई चपलेच्या तळाचा गोल तुकडा कापला, त्याला मधोमध भोक पाडलं आणि मऊ कापडात गुंडाळून माझ्या बनियनला आतून शिवला. डबी भोकात बसायची. धक्का लागला तर कडेच्या रबराला लागायचा. डॉक्टरांनी ते दाबून पाहिलं आणि म्हणाले, “हे मुंबईला कळवायला हवं.” आई आठवडाभर हे वाक्य गल्लीत सांगत होती.

मैदानावर परत गेले त्या दिवशी कुसुम नव्हती, भंडाऱ्याला मामाकडे गेली होती. बरंच झालं म्हटलं. सरावाचा सामना होता. आमचे ठवकर गुरुजी, ज्यांनी मला शाळकरी वयापासून घडवलं, मला बघून नुसतेच नाक पुसत राहिले. डॉक्टरांच्या सूचनांचा कागद मी त्यांच्या हातात दिला आणि बूट बांधू लागले.

आणि काय सांगू! पहिली पाटी गेली, दुसरी गेली. एक हुलकावणी दिली की समोरची चुकलीच. दम लागत होता, पण नऊच्या नऊ पाट्या मी ओलांडल्या. पोरींनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना मी सायकलरिक्षावाल्याला गाणं म्हणून दाखवलं. आईनं कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या. आजारापूर्वीसुद्धा एका दमात नऊ पाट्या मला क्वचितच जमल्या होत्या.

कुसुम परत आली तेव्हा तिला सांगायला मी स्वतः पाचपावलीला गेले. ती अंगणात भांडी घासत होती. सगळं ऐकून घेतलं, तवा उलटा केला आणि म्हणाली, “तू खेळून नाही राहिली वं. सारे तुले जाऊ देऊन राहिले.”

“म्हणजे?”

“गुरुजींनी तो कागद साऱ्यांले वाचून दाखवला. म्हनले, विजूले हात लावू नका. कोनी लावला काय तुले हात? आठव बरं.”

मी आठवलं नाही. आठवायचं नव्हतं. मी तिला म्हटलं, “जळून राहिली तू माझ्यावर. सूर जाईल म्हणून.” आठ महिने हे वाक्य माझ्याच पोटात पडून होतं, ते तिच्या अंगावर फेकलं. तिनं नळ चालू केला. मी निघून आले.

घरी येऊन मात्र आठवू लागले. तिसऱ्या पाटीतली मुलगी हात उचलून परत खाली घेते आहे. सातवीतली तर माझ्याकडे बघून हसली होती. आपल्यासमोर उभी असलेली मुलगी खेळात कधी हसते का? मी बनियन काढलं आणि ते रबर उपटून टाकायला निघाले. आईनं हात धरला.

“काहून वं? काय झालं?”

“मी खेळतच नाही आई. मला फिरवून आणतात नुसते.”

पुढच्या रविवारी दोन गट पाडले. मी एकात, कुसुम दुसऱ्यात, सूर. मी तिच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. पहिल्या तीन पाट्या पुन्हा तशाच गेल्या. समोरच्या पोरी रस्ता देत होत्या आणि मी मेल्यासारखी चालत होते. चौथ्या पाटीशी मागून पावलं वाजली. मी डावीकडे हुलकावणी देऊन उजवीकडे वळले. माझी जुनी, खास हुलकावणी. ती फसली नाही. पाठीत असा सणसणीत हात बसला की मी गुडघ्यांवर आले.

“बाद!” कुसुम ओरडली.

गुरुजी ओरडत धावत आले, “कुसुम, तुले सांगतलं होतं ना!” मी मातीत बसून छातीवर हात ठेवला. डबी जागच्या जागी. दुखत होती फक्त पाठ. मी कुसुमकडे बघितलं.

“बाद आहे गुरुजी,” मी म्हटलं. “लिहा.”

चपला घ्यायला मंडळाच्या सामानाच्या खोलीत गेले तेव्हा मागच्या भिंतीवर ते दिसलं. खडूनं काढलेली बाईची आकृती. बरोबर माझ्या उंचीची. मी जाऊन उभी राहून पाहिलं. उजव्या कॉलरबोनखाली एक गोल. आकृतीच्या दंडांवर, खांद्यांवर, कमरेवर मातीच्या हातांचे ठसेच ठसे, एकावर एक, भिंत काळी झालेली. त्या गोलावर एकही ठसा नव्हता. भोवतीनं वीतभर जागा स्वच्छ.

एवढे हात एका दिवसात पडत नाहीत, आणि ठसे सगळे एकाच हाताचे, कुसुमच्या. मी बाकावर बसून तिच्या शिरा मोजत होते, तेव्हा ती धावत येऊन मला कुठं हात लावायचा ते शिकत होती. मी परत येणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं, आणि आले की मला बाद करायचं, हेही.

घरी आईनं पाठ बघितली. पाच बोटं उमटली होती. “कोनं मारलं वं तुले?”

“कुसुमनं,” मी म्हटलं, आणि मला इतकं हसू आलं की आईला वाटलं ताप चढला.

हे लिहिताना पोर्ट काढून दोन वर्षं झाली आहेत. डॉक्टरांचे, सिस्टरचे, आईच्या चपलेचे उपकार आहेतच. सूर अजून कुसुमकडेच आहे, आणि ती माझ्यापेक्षा चांगली धावते. मी अजूनही तिच्यावर जळते. पण आता तिच्या शिरांवर नाही, तिच्या खेळावर जळते, आणि दर रविवारी सूर परत घ्यायला मैदानावर जाते.