खंडेनवमीचा जोड

"दूर हो बे! हात नको लावू!"

आमच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की सरांकडून हे स्वागत. तुमच्याही नोकरीत असा एखादा खडूस असेलच, पण आमचा म्हणजे कहर होता. मी रोज चिखलीहून एसटीनं कॉलेजला यायचो आणि पीएच.डी.चं काम त्यांच्या हाताखाली करायचो; कागदावरचे गाईड विद्यापीठात होते. खरं सांगतो, मला तो माणूस डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा.

काम होतं ॲल्युमिनियमचे तुकडे न वितळवता जोडण्याचं. साधं ॲल्युमिनियम नाही, सिलिकॉन कार्बाइडची भुकटी मिसळून कणखर केलेलं. वितळवलं तर ते बिघडतं. म्हणून दोन तुकडे घासून लख्ख करायचे, एकावर एक ठेवून निर्वात भट्टीत तापवायचे आणि वरून दाब द्यायचा. सावकाश एकाचे अणू दुसऱ्यात शिरतात. मग तो तुकडा यंत्रात ताणून तोडायचा. बाजूनं तुटला, तर जोड पक्का; जोडातूनच सुटला, तर मेहनत मातीत. आणि मध्ये बोटाचा तेलकटपणा जरी आला, तरी जोड बसत नाही.

"एम.टेक. झाला, पन हात धुवाची अक्कल नाही आली तुले," सर पोरांसमोर म्हणायचे. एकदा मी घासलेले तुकडे त्यांनी खिडकीबाहेर भिरकावले. का, तर मी जवळ शिंकलो होतो!

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी मी या धातूच्या माझ्या एकुलत्या ठोकळ्यातून कापलेले शेवटचे दोन तुकडे घासून, तेलकटपणा जावा म्हणून ॲसिटोनमध्ये ठेवले होते. तसा ठोकळा आता मिळणार नव्हता आणि विद्यापीठाची मुदतवाढ दिवाळीला संपत होती. हा जोड गेला की पीएच.डी. गेली. मी नारळ आणायला गेलो. परत येतो तर सरांनी तुकडे स्वतःच भट्टीत रचून दार लावलेलं, वर झेंडूचा हार.

दुसऱ्या दिवशी ते तुकडे माझ्या हातात अलगद सुटले. आतल्या अंगावर मधोमध बोटाएवढा काळा डाग.

"सर, तुकड्यांना कुंकू लावलंत?"

"लावलं. मंग? मशीनीले लावलं, तुह्या तुकड्यायले काऊन नाही लावाचं? तुहं भलं व्हावं म्हनून लावलं!"

माझं डोकंच फिरलं. "जन्मभर दुसऱ्यांच्या बोटांवर खेकसलात, आणि स्वतः ओलं कुंकू? वाटोळं केलंत माझं!" मी इतका ओरडलो की पोरं दारात जमली.

माफी? नाव नको. सरांनी कपाट उघडलं आणि फडक्यात गुंडाळलेला तसाच एक ठोकळा टेबलावर आपटला.

"घे. काप. अन् बोंबलू नको."

तो त्यांच्या स्वतःच्या पीएच.डी.चा ठोकळा होता. त्यांच्या उमेदीत कॉलेजात भट्टी नव्हती, म्हणून काम अर्धवट राहिलेलं. निवृत्त झाल्यावर पुरं करू म्हणून जपलेला, एवढा एकच. मी कापला.

माझा नवा जोड ताणून पाहायच्या आधीच सर निवृत्त होऊन शेगावला राहायला गेले. डिग्री मिळाल्यावर पेढे घेऊन गेलो, दार वाजवलं, नाव सांगितलं.

"काऊन आला?" आतून आवाज.

"डिग्री मिळाली, सर."

दार उघडलं नाही. मी चपला काढून, डबा धरून उभा. असा राग आला म्हणता! परत फिरणार, तेवढ्यात अगदी दाराला लागून आवाज आला.

"ओढून पाह्यला? कुठून तुटला?"

"बाजूनं तुटला, सर. जोड तसाच राहिला."

मग म्हणाले, "पेढे उंबऱ्यावर ठेव अन् जाय."

ठेवले. फाटकाशी पोचून वळून पाहिलं, तर दार किलकिलं झालं होतं आणि एक हात डबा आत ओढून घेत होता. त्यानंतर सर मला दिसले नाहीत.