खळकाका आणि बंदी असलेल्या कविता

पुस्तकबांधणी करणाऱ्या खळकाकांचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. पुठ्ठ्याला लावायच्या खळीचा वास अंगाला चिकटला तो चिकटलाच, आणि नावालाही. तीस वर्षं शहरावर बंदुकांचा पहारा होता आणि तीस वर्षं काका बंदी असलेल्या कविता 'करवसुलीचे नियम, भाग दुसरा' या पुठ्ठ्यात बांधत होते. नाक्यावरचा शिपाई पिशवी उपसायचा, लहर लागली तर लाथही घालायचा, नियम दिसले की जांभई द्यायचा. भाग पहिला कुठाय, हे एकाही माईच्या लालानं विचारलं नाही.

त्या कवितांचा कवी तेव्हा काकांच्याच माळ्यावर लपलेला असायचा. पहिली प्रत हातात पडल्यावर त्याचं तोंड उतरलं.

"वर माझं नाव नाही?"

"नाव छापलं तर पुस्तकाआधी तुम्हीच आत जाल," काका म्हणाले.

मग तह झाला. शिपायांच्या टोप्या बदलल्या, नाके तिथेच राहिले आणि कवी मंत्री झाला. त्याची समग्र कविता निघाली: जाडजूड, वर सोनेरी नाव, मागे मोठ्ठा फोटो. बांधायला अर्थात काकांकडेच आली. तेवढ्यात मंत्रिमहोदयांनी काही नव्या कवितांवर बंदी घातली. त्यांत काकांच्या भाचीचं पुस्तक होतं. तिचा भाऊ तहानंतरही तुरुंगातून सुटला नव्हता. तेच तिनं लिहिलं होतं.

"मामा, पुन्हा करवसुली?"

"छे गं! नवे साहेब नियम वाचतात म्हणे." काकांनी सोनेरी पुठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. "हे कोणी उघडत नाही."

भाचीच्या कवितांच्या दोनशे प्रती सोनेरी पुठ्ठ्यात बांधून झाल्या आणि नाक्यापलीकडे जायच्या आधीच मंत्री लवाजम्यासकट दारात हजर! भाची पांढरीफटक पडली. काका तिच्या पुढे येऊन उभे राहिले. दुकान जाईल ते जाईल, पोरगी भावाशेजारच्या कोठडीत जाईल.

"एवढ्या प्रती? मागणी आहे तर!"

"लोक वाट बघतायत, साहेब." हे काही खोटं नव्हतं.

मंत्र्यांनी वरची प्रत उचलली, नावावरून बोट फिरवलं, पुस्तक उलटं करून फोटो बराच वेळ न्याहाळला.

"नाव अजून मोठं हवं होतं," ते म्हणाले आणि प्रत तशीच खाली ठेवून निघून गेले.

भाची हसायला लागली. काकांना मात्र हसू येईना.

"याच्या कवितांपायी मी तीनदा लाथा खाल्ल्या," ते म्हणाले, "आणि याला एक पान उलटावंसं वाटलं नाही."