चौथं चाक

किन्हवलीच्या बाजारात काळूराम विशेचं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान होतं आणि साऱ्या पंचक्रोशीला त्याचं मर्म ठाऊक होतं: काळूला चहा पाजला की भाव उतरतो.

हातात कसब होतं, पण जीभ पडली मऊ. कोटेशन द्यायला गेला, समोर कपबशी आली आणि कुणी म्हटलं, "काळू, तू आपल्यातलाच रे," की गडी लोण्यासारखा पाघळलाच. आधी गाडीभाडं जायचं, मग गॅस भरण्याचे पैसे, आणि दुसरा कप आला की मजुरीसुद्धा. बायको हर्षाली वळणदार अक्षरात कोटेशन लिहून द्यायची. कागद परत यायचा तेव्हा अर्ध्या आकड्यांवर काट मारलेली असायची.

"तुमी एसी बसवाया जाता का दानधर्म कराया?" ती विचारायची.

"चहा लय ब्येस होता गो," तो म्हणायचा.

हर्षालीला टेम्पो हवा होता. चार चाकांचा, दारावर 'हर्षाली रेफ्रिजरेशन' असं रंगवलेला. एसटीच्या टपावर एसी चढवून चढवून नवऱ्याची पाठ गेली होती, आणि एका कंडक्टरने तर एसीचं अर्धं तिकीट मागितलं होतं. अशात, दोन हजार सातच्या सुमारास, धसईच्या भेंडीवाल्या शेतकऱ्यांनी मिळून कोल्डरूम बांधायची ठरवली. कोटेशन मात्र त्यांना छापील हवं होतं. हे काम पुऱ्या भावात झालं तर टेम्पो दारात उभा राहणार होता. पण धसई पडलं हर्षालीचं माहेर. तिथे जावयाला एका घरी चहा मिळत नाही, सगळ्या आळीत मिळतो. हर्षालीने आधीच कंबर कसली.

तिने कल्याणहून जुना कॉम्प्युटर आणवला आणि कोटेशन-बिलाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना दुकानात बोलावलं.

पहिला आला तो टाय लावून. "ताई, यात डिस्काउंटचं खास बटण आहे. एकदा दाबलं की भाव कमी!" काळूरामचे डोळे लकाकले. हर्षालीने त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल निघालं की सनई वाजायची. काळूरामने सनईसाठी पुन्हा पुन्हा बिलं काढली, शेजारचा गिरणीवाला धाऊ पीठ झटकत बघायला आला, दुकानात लग्नघर झालं. पण भाव तिथेही कुणीही बदलू शकत होतं.

तिसरी शहापूरची मनस्वी. ना रंग, ना सनई. ओशाळून ती म्हणाली, "आमच्यात एक अडचण आहे ताई. एकदा लिहिलेला दर बदलायचा तर मालकाचा पासवर्ड लागतो."

"मालक कोन?"

"ज्याच्याकडे पासवर्ड, तो."

हर्षालीने तिला मिठीच मारली. पासवर्ड टाकताना काळूरामला दुकानाबाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभं केलं.

धसईत जावयाची बडदास्त अशी की विचारू नका. चहा, वडे, कोंबडीचा रस्सा, पुन्हा चहा. "जावईबापू, थोडं कमी करा की."

"माझ्या हातात नाय हो. मशीन नाय ऐकत."

मंडळींनी कपबशा खाली ठेवल्या. मशीनला चहा कसा पाजणार? काळूराम तट्ट पोट आणि एकही काट न पडलेला कागद घेऊन घरी आला. हर्षालीने आनंदाने त्याला दुकानात गरागरा फिरवलं. फक्त एक गोष्ट तो सांगायला विसरला. रश्शाच्या भरात तो बोलून गेला होता, की पासवर्ड हर्षालीकडे आहे.

सकाळी पहिल्या गाडीने तिचे वडील, बारकू, दारात हजर. हर्षालीने ओळखलं, हे भाव उतरवायला आलेत, आणि दात घट्ट आवळले. तिने तांब्या पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला.

"मला समद्यांनी पाठवलंय, कमी करून आन म्हनून. पन मी नाय मागायचो. पोरीचं मशीन कोनाचं ऐकत नाय म्हनतात, तेवढं दाव."

तिने दाखवलं. बारकूने टॉवेलला हात पुसले आणि पडद्याच्या कडेला हलकेच बोट लावलं.

"ह्ये तू लिवलंस?"

"हो बाबा."

"आनि कोनी बदलू शकत नाय?"

"नाय. मी सोडून."

"अगो बाय माजी!" म्हाताऱ्याने टाळी वाजवली, बाहेर धाव घेतली आणि धाऊला गिरणी बंद करायला लावून सांगितलं, की आपल्या पोरीपुढे आख्ख्या धसईचं काही चालत नाही.

हर्षालीचा ऊर भरून आला. डोळे पुसता पुसता बोटांनी पासवर्ड कधी टाकला ते तिलाच कळलं नाही. कोल्डरूमची सगळी मजुरी उडाली. "बाबा, मजुरी सोडली!" ती ओरडली. बारकू "येडी का काय गो तू!" म्हणत आत धावला, तोवर प्रिंटर करकरून कागद बाहेर टाकत होता.

काळूरामने तो वाचला आणि हसता हसता खालीच बसला. "मी चहावर तरी पाघळायचो गो! तू तर बिनपान्याचीच पाघळलीस!"

हर्षालीने तोच कागद धसईला धाडला. कोल्डरूम झाली, भेंडी गार झाली आणि दिवाळीला टेम्पो आला. पण मजुरी गेल्याने तीनचाकी. दारावर नाव मात्र झोकात रंगवलं. धसईच्या रस्त्याला कुणी ना कुणी विचारायचंच, "काळू, चार चाकांचा घेनार होतास ना रे?"

"चौथं चाक सासऱ्याला दिलं!" काळूराम ओरडून सांगायचा, आणि शेजारी दाटीवाटीने बसलेली हर्षाली त्याच्या पाठीत धपाटा घालून त्याच्यापेक्षा मोठ्याने हसायची.